पंधरावा नग

सोनवण्यांची आणि माझी ओळख लाल रंगामुळे झाली. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवायचे आणि मी इन्स्पेक्शनला होतो. नापास झालेल्या मालावर लाल ऑइलपेंटचा ठिपका लावणं हे माझं काम. लोकांना वाटतं, इन्स्पेक्टरला यात आनंद होत असेल. होतो. पण सोनवण्यांच्या नगावर ठिपका लावायची वेळ बावीस वर्षांत चारदाच आली, आणि त्यातल्या एकदा चूक माझी निघाली.

त्या वेळी त्यांचा एक पंच माझ्या मायक्रोमीटरवर दोन शतांश मिलिमीटर जाड भरला. मी ठिपका लावला. सोनवणे दुसऱ्या दिवशी सकाळी आले, माझ्या टेबलावर स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचा पोलादी ठोकळा, ठेवला, माझाच मायक्रोमीटर त्याला लावला आणि मला वाचायला सांगितलं. मायक्रोमीटर बरोब्बर दोन शतांश जास्त दाखवत होता. मग त्यांनी माझ्या डबीतला ब्रश उचलला, माझ्या मायक्रोमीटरवर एक नीट गोल ठिपका लावला आणि निघून गेले. या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुढे कधी कुणाकडे केला नाही. मी मात्र सगळ्यांना सांगत आलोय.

अंगाने किरकोळ, पांढरा हाफ शर्ट, आणि लोक जिथे पेन ठेवतात त्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. ही पट्टी कुठेही बाहेर निघे. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात त्यांनी वड्याचा व्यास मोजून मालकाला सांगितलं होतं, की गेल्या आठवड्यापेक्षा चार मिलिमीटर कमी आहे. ते तक्रार करत नव्हते, माहिती देत होते. मालकाला हा फरक समजला नाही. तेव्हापासून आम्ही पलीकडच्या हॉटेलात जाऊ लागलो.

कुठल्याही गोष्टीला ते 'चांगलं' म्हणत नसत. त्यांच्याकडे सगळ्यात वरचा शेरा 'चालेल' असा होता. मुलगी इंजिनिअर झाली, तिचं प्रमाणपत्र त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, चालेल. बदलापूरला मांजर्लीत तळमजल्याचं घर घेतलं तेव्हाही बिल्डरला ते तेच म्हणाले. तो अंदाज मात्र चुकला, कारण नदी जवळ होती आणि ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हती.

नव्या पोरांना ते दोनच गोष्टी शिकवत. एक, पहिला नग चुकायलाच असतो, त्याच्यावर जीव लावू नये. आणि दुसरी, हत्यार हाताला बसलं पाहिजे, हात हत्याराला नाही. कुणी ट्रेनी चुकीच्या मुठीची कानस घेऊन बोटं अवघडून काम करताना दिसला, की ते त्याच्या हातातून कानस काढून घेत, मूठ बदलून आणत आणि तेच वाक्य पुन्हा ऐकवत. मी ते हजार वेळा तरी ऐकलं असेल.

त्यांच्या पत्नी वत्सलावहिनी. मांजर्लीच्या त्यांच्या वस्तीत बुद्धविहार आहे आणि चौदा एप्रिलला तिथे पाचशे माणसांचं जेवण होतं. त्या जेवणाची भाजी चिरायची सूत्रं पंचवीस वर्षं वहिनींकडे होती. सकाळी सहाला पांढरी साडी नेसून, विळी पिशवीत घालून त्या निघत. विहारात दहाबारा बायका ओळीने बसत आणि वहिनी टोकाला, एक गुडघा उभा करून, विळीच्या पाटावर पाय ठेवून. बटाट्याच्या काचऱ्या पडत राहत, आणि बोलणं वेगळंच चाललेलं असे. एका वर्षी सोनवण्यांनी परातीतल्या पंचवीस काचऱ्या उचलून व्हर्निअरने मोजल्या. जाडीत जास्तीत जास्त फरक अर्ध्या मिलिमीटरचा होता. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की टूलरूममध्ये असे दोन ट्रेनी मिळाले असते तर आपण लवकर रिटायर झालो असतो. वहिनींना मात्र त्यांनी हे सांगितलं नाही. म्हणाले, उगाच मोजून कापायला लागेल.

सोनवणे रिटायर झाले आणि त्याच हिवाळ्यात वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली, मग हळूहळू अर्धी परत आली. काठी घेऊन चालायला लागल्या, बोलणं आधीसारखं झालं. पण जमिनीवर बसलं तर उठता येईना, आणि उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. फिजिओथेरपीवाली मुलगी रबरी चेंडू देऊन रोज सांगे, आजी, दाबा, जोरात दाबा. वहिनी दाबत. चेंडूवर काही परिणाम होत नसे.

त्या वर्षी चौदा एप्रिलला त्या विहारात गेल्या नाहीत. बायका बोलवायला आल्या, खुर्ची ठेवतो म्हणाल्या. वहिनींनी डोकं दुखतंय असं सांगितलं. बायका गेल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, नुसतं बसायला कशाला जाऊ? पाहुणी आहे का मी तिथं?" सोनवणे समोर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भंगारवाल्याकडे गेले.

त्याआधी मुलीने पुण्याहून दोरी ओढायचा चॉपर पाठवला होता. वहिनींचं म्हणणं, त्यात कोथिंबिरीचा चिखल होतो. मग ओट्यावर बसवायची विळी आणली. तिच्यापुढे वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की पायाखाली धरायला काही नाही, विळी आपली आहे असं वाटत नाही. डाव्या हाताने सुरी धरून बघा, असं डॉक्टर म्हणाले. डावा हात भाजी धरायचा आहे, असं वहिनी म्हणाल्या. म्हणजे सगळे मार्ग बघून झाले होते. उरला तो बाजारात न मिळणारा चाकू, जो पकड नसलेल्या हाताने चालेल. तो सोनवण्यांनी करायला घेतला. पुढच्या चौदा एप्रिलला वहिनींनी विहारात भाजी चिरायला बसायचं, एवढी एकच त्यांची मुदत होती. ती त्यांनी तोंडाने कधी सांगितली नाही. गॅलरीत नव्या वर्षाचं कॅलेंडर लागलं तेव्हा त्यावर त्या तारखेला पंचने एक बारीक भोक पाडलेलं होतं, म्हणून मला कळलं.

पहिला नग त्यांनी लोखंड कापायच्या पॉवर हॅक्सॉच्या तुटक्या पात्यापासून काढला. धार अशी, की मनगटावरचे केस निघत. वहिनींनी हातात घेतला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हा तुमचा आहे." सोनवण्यांनी तपासून बघितलं. खरंच त्यांच्या हाताला उत्तम बसत होता. पहिला नग चुकायलाच असतो, असं म्हणून त्यांनी मला फोन केला. रविवारी ये, आणि येताना लाल डबी आण.

मला वाटलं चेष्टा आहे. पण सोनवणे चेष्टा करत नसत. स्वतःच्या कामावर स्वतः ठिपका लावायचा नसतो, तो इन्स्पेक्शनचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पुढे पंधरा-वीस महिने आमचा एक रिवाज झाला. मी अंबरनाथहून रविवारी मांजर्लीला जायचो. वहिनी डायनिंग टेबलाशी बसून नवा नग चालवून बघायच्या आणि एका वाक्यात निकाल द्यायच्या. मी मुठीवर ठिपका लावायचो. मग सोनवणे तो नग गॅलरीतल्या फळीवर खिळ्याला टांगायचे, खाली कारण लिहायचे, आणि चहा व्हायचा. निकाल फिरवून घ्यायचा प्रयत्न त्यांनी एकदाही केला नाही. कारखान्यात माझ्याशी तासन् तास वाद घालणारा माणूस घरात इतका शिस्तीत वागतो, हे बघून मला थोडं वाईट वाटायचं.

दुसऱ्या नगाच्या आधी त्यांनी माप घेतलं. म्हणजे टूलरूमचं माप. कणीक भिजवली, त्यात मीठ घातलं, गोळा वहिनींच्या उजव्या हातात दिला आणि सांगितलं, गच्च दाब. वहिनींनी ओठ चावून, डोळे मिटून होती नव्हती ती ताकद लावली. त्या ठशात प्लास्टर ओतून त्यांनी साचा काढला. पांढरा, बोटांच्या खाचा असलेला तो साचा कपाटात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवला गेला. सोनवणे म्हणायचे, की हात एखादे वेळी खोटं बोलेल, साचा बोलणार नाही. पुढचे तेरा नग त्या साच्यावरून झाले.

दुसऱ्या नगाला वहिनी म्हणाल्या, जड. तिसऱ्याला, टोचतं. चौथ्यापासून सोनवणे जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद वापरायला लागले आणि ते कडक करायचं काम गॅलरीतच सुरू झालं. याला पोलादाला पाणी देणं म्हणतात, पण सोनवणे तेल देत. विटांची छोटी भट्टी, कोळसे, आणि वारा घालायला मुलीचा जुना हेअर ड्रायर. पातं लाल झालं की लोहचुंबक लावून बघायचं. चुंबक चिकटायचं थांबलं की पातं पटकन शेंगदाण्याच्या तेलात. कढई पुऱ्यांची होती. सहाव्या नगाच्या दिवशी तळणाचा वास सगळ्या बिल्डिंगभर पसरला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शिंदेबाई वाटी घेऊन खाली आल्या. आज काय विशेष, म्हणून त्यांनी विचारलं. सोनवण्यांनी चिमट्याने ती काळी पट्टी वर उचलून दाखवली. शिंदेबाई जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "करपलं वाटतं."

त्यानंतर वहिनींनी कढई काढून घेतली. म्हणून नवी कढई आणायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. तिथे चंदरसेठ म्हणून एक सिंधी दुकानदार आहेत. भांडी, सुऱ्या, पितळी रिव्हेट, सगळं ठेवतात. सोनवणे मुठीसाठी शिसवाचे तुकडे फर्निचर बाजारातून घेत आणि रिव्हेट यांच्याकडून, त्यामुळे ओळख होतीच. त्या दिवशी पिशवीत सहावा नग होता. चंदरसेठनी तो काढला, काउंटरवरचा पुठ्ठा कापून बघितला, बोटाने धार बघितली आणि खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, साहेब, एक पीस ठेवून जा, शंभर मी काढतो, हजार मी विकतो.

सोनवणे म्हणाले, हा पास झालेला नाही.

"किसने फेल किया?"

"मिसेसने."

चंदरसेठनी चाकू परत पिशवीत ठेवला. "फिर तो ऊपर अपील भी नहीं है, साईं," असं म्हणून त्यांनी कढईचे पैसे कमी लावले.

आठव्या नगात बोटांची पेरं भाजी चिरायच्या पाटावर आपटत. नववा ठीक होता, पण पुन्हा 'तुमचा आहे'. अकराव्याची गोष्ट सांगायलाच हवी. बिल्डिंगचं प्लास्टर चाललं होतं. गवंड्याच्या थापीची मूठ पात्याच्या वर उचललेली असते, त्यामुळे भिंतीला बोटं घासत नाहीत. हे बघून सोनवणे दोन दिवस गवंड्याच्या मागे मागे फिरले. गवंड्याला वाटलं सोसायटीने माणूस नेमलाय, आणि त्या दोन दिवसांत प्लास्टर फार चांगलं झालं. अकरावा नग थापीसारखा निघाला. वहिनींनी तो हातात धरून खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "भिंत कुठं आहे?" मी ठिपका लावला. पण या नगात काहीतरी आहे, असं सोनवणे चहा पिताना म्हणाले. बोटं पाटाला लागत नव्हती, एवढं खरं होतं. हातातून मात्र तोही निसटत होता.

बारा, तेरा, चौदा. उंच मुठीचे तिन्ही नग दहा मिनिटांत हातातून सुटत. वहिनी कपाळावरचा घाम पुसून म्हणायच्या, बघा, नाही राहत. एकदा त्या म्हणाल्या, पुरे करा आता, मला तसंही काय करायचंय. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मी कप खाली ठेवला. सोनवण्यांनी कारण लिहिलं आणि पुढच्या नगासाठी पुठ्ठा कापायला घेतला. या खटपटीत एक चौदा एप्रिल येऊन गेला होता. त्याही वर्षी वहिनींचं डोकं दुखलं. त्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षीची तारीख नव्हती, म्हणून सोनवण्यांनी भोक भिंतीवर पाडलं.

चौदाव्याला ठिपका लावायला मी जुलैमधल्या एका रविवारी गेलो आणि तिथेच अडकलो. आदल्या दिवसापासून पाऊस होता. दहाच्या सुमारास नदीचं पाणी गल्लीत आलं आणि अर्ध्या तासात तळमजल्यावर गुडघाभर झालं. हे मांजर्लीला नवीन नाही, त्यामुळे कुणी आरडाओरडा करत नव्हतं. दोघा जणांनी वहिनींना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलं. मी सिलिंडर नेला. सोनवणे मागून आले ते चौदा चाकू टांगलेली फळी डोक्यावर घेऊन. घराचे कागद खालीच राहिले. ते पुढे आठवडाभर दोरीवर वाळत होते.

दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये सगळ्या बिल्डिंगची खिचडी करायची ठरलं. कांदे, बटाटे, भोपळा जमा झाला, चिरायला बायकाही जमल्या, पण विळ्या तीनच. शिंदेबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीला टेकवलेल्या फळीवरून नऊ नंबर काढून घेतला. सोनवणे म्हणाले, तो रिजेक्ट आहे. शिंदेबाई म्हणाल्या, कांद्याला कुठं माहीत आहे. मग एकेक करत सगळे खिळे रिकामे झाले. कुणी तीन नंबर उचलला, ठेवला, पाच घेतला, तो बरा वाटला. कुणाला जड आवडला, कुणाला छोटा. मी लाल ठिपका लावलेले चौदाच्या चौदा नग माझ्यादेखत बिनतक्रार कांदे कापत होते. इन्स्पेक्टरच्या आयुष्यात असे दिवस येऊ नयेत. सोनवणे कोण कुठला नंबर घेतंय ते वहीत लिहून घेत होते.

वहिनी खुर्चीवर बसून बघत होत्या. त्यांच्या पायाशी एक नवीन लग्न झालेली मुलगी सहा नंबरने भोपळा कापत होती, दात आवळून, सगळा जोर लावून. वहिनींना ते बघवेना. त्या म्हणाल्या, "अगं, एवढं दाबू नको. विळीवर कोण दाबतं? हात नुसता ठेवायचा. कापायचं काम धारेचं."

सोनवण्यांची पेन्सिल थांबली. ते बायकोपुढे येऊन उभे राहिले.

"मग साच्याच्या वेळी एवढं का दाबलंस?"

"तुम्ही दाब म्हणालात म्हणून."

"आणि भाजी चिरताना?"

"पंचवीस वर्षं तुमच्यासमोर चिरत होते. कधी दाबलेला बघितलात का हात?"

खाली पाणी भिंतीवर आपटत होतं, बायका चिरत होत्या. सव्वा वर्ष त्या माणसाने पकडच नसलेल्या हातासाठी पकडायच्या मुठी केल्या होत्या, आणि मापात कुठे चूक नव्हती. फक्त, तू भाजी कशी चिरतेस, हे विचारायचं राहिलं होतं. काचऱ्या मोजल्या होत्या, हात बघितला नव्हता. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "म्हात्रे, साच्याला ठिपका लाव." साचा खाली पाण्यात होता. दोन दिवसांनी चिखलात सापडला. मी मुद्दाम जाऊन लावला.

ते चौदा नग फळीवर परत आले नाहीत. बायकांनी ते नेले आणि सोनवण्यांनी मागितले नाहीत. मोकळ्या खिळ्यांखाली मात्र कारणाच्या जागी नावं लिहिली गेली. नऊ, शिंदे. सहा, दुसरा मजला, नवीन सून.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी तीन वाजता मी गेलो तर दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी पलंगावर झोपलेल्या, उजवा हात कडेला आलेला. शेजारी स्टुलावर सोनवणे बसले होते, आणि त्यांनी दोन्ही हातांनी एक ताटली धरली होती. ताटलीत कणकेचा मोठा गोळा, आणि गोळ्यावर वहिनींचा हात. आपल्या वजनाने तो हात हळूहळू कणकेत बसत होता. सोनवण्यांनी डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. मी एक चप्पल पायात आणि एक हातात, असा दारात उभा राहिलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. ताटली जराही हलली नाही. मी त्यांना कधी सांगितलं नाही, पण हा माणूस मला फार आवडायचा, आणि तो किती आवडायचा हे मला त्या दारात कळलं.

वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या, "झालं का? मुंग्या यायला लागल्यात."

"जागी आहेस?"

"कणीक गार होती."

सोनवण्यांचा चेहरा पडला. जागी होतीस तर माप गेलं, असं ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, नाही गेलं, कारण मला काही करायचं नव्हतं.

पंधराव्या नगाला फेब्रुवारी उजाडला. दिसायला तो कशासारखाच नव्हता. मूठ थापीसारखी वर उचललेली, पण रुंद आणि बसकी, एका बाजूला कललेली. ती धरायची नव्हतीच. हात नुसता तिच्यावर ठेवायचा, पातं आपल्या वजनाने खाली जाई आणि गोल पोटावर डोलून परत वर येई. मी डबीचं झाकण उघडून तयार होतो. वहिनींनी हात ठेवला. एक बटाटा झाला. काचऱ्या बाजूला सारून दुसरा घेतला, तो झाला. मग तिसरा. आम्ही निकालाची वाट बघत होतो. वहिनींनी रिकामी ताटली पुढे सरकवली आणि विचारलं, "अजून बटाटे आहेत का?"

बटाटे ओट्याखालच्या टोपलीत होते. ते आणायला सोनवण्यांना बराच वेळ लागला. मी डबीचं झाकण लावलं.

चौदा एप्रिलला वहिनी पांढरी साडी नेसून विहारात गेल्या. बाकीच्या बायका जमिनीवर, आणि टोकाला टेबल-खुर्चीवर वहिनी. अर्धी गोण बटाटे त्यांनी एकटीने कापले. सोनवणे बाहेर मंडप बांधणाऱ्यांना काटकोनाबद्दल सांगत होते आणि दर दहा मिनिटांनी दारातून डोकावून जात होते. मी विचारलं, कसं चाललंय? ते म्हणाले, चालेल. पुढे चंदरसेठना कळवलं, की नग पास झाला. सेठनी विचारलं, शंभर कधी देता? सोनवणे म्हणाले, तो एकाच हाताला बसतो. सेठना हे पटलं नाही, पण त्यांनी वहिनींसाठी एक पाट पाठवला.

त्यानंतरच्या जानेवारीत वहिनींना दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत त्या गेल्या. मी रडलो. सोनवणे रडले नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. मुलगी त्यांना पुण्याला न्यायला निघाली होती. त्यांनी एप्रिल होऊ दे, एवढंच सांगितलं. मेमध्ये ते पुण्याला गेले. आता फोनवर बोलणं होतं. म्हणून त्या चौदा एप्रिलच्या सकाळी विहारात त्यांना बघितलं, ते शेवटचं.

मी आठच्या सुमाराला पोचलो. बायका ओळीने बसल्या होत्या. टोकाला तेच टेबल, तीच खुर्ची, आणि खुर्चीवर सोनवणे, पंधरावा नग घेऊन. तो त्यांच्या हाताला मुळीच बसत नव्हता. त्यांचा पंजा मोठा, बोटं मुठीबाहेर येत होती, मनगट वाकडं होत होतं. पातं एकदा इकडे जाई, एकदा तिकडे. मी परातीतल्या दोन काचऱ्या उचलल्या. एक तीन मिलिमीटर असेल, दुसरी पाचाच्या वर. पट्टी त्यांच्या खिशात होती, पण त्यांनी ती काढली नाही. मी काचऱ्या परत परातीत टाकल्या.

"सोनवणे, नऊ नंबर तुमच्या हाताचा आहे," मी म्हणालो. "शिंदेबाई इथंच बसल्यात. मागून आणतो."

"राहू दे," ते म्हणाले. "हाताला सवय होईल."

आणि त्यांनी पुढचा बटाटा घेतला.